टाइमप्लीज

गेम खेळणाऱ्या माणसाला साधारण दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, एवढा वेळ कुठून आणतेस? दुसरा, त्या मारामारीत तुला कसली मजा येते? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लोक क्रिकेट, वेब सिरीज आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी जिथून आणतात, तिथूनच. दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे, पण तो भलत्याच जागी बोट ठेवतो. मी मारामारीचे गेम फारसे खेळत नाही. ज्या गेम्सनी मला सगळ्यात जास्त आनंद दिला त्यांत गोळीबार अगदी बेताचाच होता. तरीही तो आनंद जवळून पाहिला की तो पूर्ण निरागस आहे असं काही म्हणवत नाही. असं का, याचा छडा लावायचा हा प्रयत्न.

आधी आनंदाबद्दल, कारण न खेळणाऱ्यांना तोच कळत नाही. लंगडी आठवा. समोरच्याला पकडायचं आहे, आपल्याला दोन धडधाकट पाय आहेत, आणि आपण एक पाय दुमडून घेतो. पकडणं एवढंच महत्त्वाचं असतं तर दोन पायांवर पळणं शहाणपणाचं. पण तसं केलं तर लंगडीच उरत नाही. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे: गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारायचे आणि ते ओलांडायची धडपड करायची. लंगडी घालणाऱ्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं, फक्त त्याला कुणी व्याख्या विचारत नाही.

सी. थी न्गुएन हा अलीकडचा तत्त्वज्ञ यात एक भर घालतो. २०२० सालच्या ‘गेम्स: एजन्सी अ‍ॅज आर्ट’ या पुस्तकात तो म्हणतो की खेळ आपल्याला तात्पुरतं एक ध्येय उसनं देतो. डाव सुरू असेपर्यंत ते ध्येय आपण मनापासून आपलं मानतो, जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे लागतो, आणि डाव संपला की परत करून टाकतो. कॅरममधली राणी घेण्यासाठी तासभर श्वास रोखून बसलेला माणूस नंतर ती राणी डब्यात टाकून जेवायला बसतो.

माझ्यासाठी खेळातलं सुख या उसनवारीतच आहे. बाहेरच्या जगात काय करायचं हेच मुळात स्पष्ट नसतं. चांगली नोकरी कुठली, आईवडिलांपासून किती लांब राहणं चालतं, कुणाशी वागताना आपण बरोबर होतो, यांतल्या कशाचाही गुण कुणी लगेच सांगत नाही. गेम सांगतो. काय करायचं, कशानं करायचं, जमलं की नाही, सगळं पडद्यावर. आमच्या घरी लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि आत तेच पंधरा-वीस फिरून फिरून यायचे. पहिला रिमोट भावाचा, दुसरा माझा. तिथपासून आजपर्यंत गेम सुरू झाल्यावर खांदे सैल पडतात ते याच कारणानं. पुढचा तासभर जगात एकच गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती कुठली हे मला माहीत आहे.

आता त्या सुखाची दुसरी बाजू. ‘फॅक्टोरिओ’ नावाचा एक गेम आहे. प्रागमधल्या एका छोट्या कंपनीनं बरीच वर्षं खपून बनवलेला, २०२० मध्ये पूर्ण झालेला. प्रोग्रॅमर मंडळींमध्ये त्याचं वेड आहे, कारण तो जवळजवळ आमच्या कामासारखाच आहे, फक्त मीटिंगा नाहीत. तुमचं यान एका परग्रहावर कोसळलंय. हातानं लोखंड खणण्यापासून सुरुवात करायची आणि पट्टे, यंत्रं, रेल्वे जोडत जोडत रॉकेट उडवण्यापर्यंत जायचं. कुठेतरी तांबं कमी पडतं, ते दुरुस्त करावं तर वीज कमी पडते, वीज वाढवावी तर कोळसा. रात्री दहाला बसलेला माणूस एवढा एक पट्टा सरळ करतो आणि उठतो असं म्हणत पहाटे तीनला उठतो.

कारखाना वाढतो तसं प्रदूषण पसरतं. नकाशावर ते लाल ढगासारखं दिसतं. झाडं त्यातलं थोडं शोषून घेतात, पण झाडं तर आपण वाटेत येतात म्हणून तोडलेली असतात. ढग त्या ग्रहावरच्या मोठ्या किड्यांच्या वसाहतींपर्यंत पोचला की ते चवताळून हल्ला करतात. मग खेळणारा भिंती बांधतो, बंदुका बसवतो, आणि पुढे जागा हवी म्हणून त्यांच्या वसाहतीच साफ करतो. ग्रह त्यांचा आहे हे गेम कुठेही लपवत नाही. तरी खेळताना किडे ही अडचण असते, तांबं कमी पडण्यासारखीच. त्यांना मारण्यात विकृत आनंद वगैरे काही नसतो, रागही नसतो. सगळा आनंद पट्टा सरळ होण्यात असतो. किडे पट्ट्याच्या वाटेत आलेले असतात एवढंच.

‘मारामारीत काय मजा येते’ हा प्रश्न भलत्या जागी बोट ठेवतो असं मी म्हटलं ते यासाठी. क्रौर्यात मजा घेणारी माणसं असतात, पण थोडी. नीटनेटकं काम करण्यात मजा घेणारी माणसं मात्र सगळीकडे आहेत, मीही त्यांतलीच. आणि नीटनेटक्या कामाचा आनंद, काम कशाचं आहे हे विचारत नाही.

हे सगळ्यात स्वच्छ दाखवणारा गेम म्हणजे ‘पेपर्स, प्लीज’. कॉलेजात मिळालेल्या माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळे मोठे गेम त्यावर चालत नसत. एकट्यादुकट्यानं बनवलेले छोटे गेम चालायचे, आणि ही गैरसोय माझ्या पथ्यावर पडली. ‘पेपर्स, प्लीज’ लुकास पोप या माणसानं बनवला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. काळ १९८२, देश आर्स्टोट्झ्का, काल्पनिक. तुमची सोडत लागलीय आणि सरहद्दीवरच्या चौकीत तपासनीसाची नोकरी मिळालीय. खिडकीपुढे माणसं येतात, कागद ठेवतात. तुम्ही पासपोर्टची मुदत, शहराचं नाव, फोटो, शिक्का ताडून पाहता आणि हिरवा किंवा लाल ठसा मारता. सोडलेल्या किंवा परतवलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात. चूक झाली की शेजारचं यंत्र खडखडत चिठ्ठी काढतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त समज, पुढच्यांना दंड. संध्याकाळी हिशोब: घरभाडं, जेवण, शेगडी, आणि घरात कुणी आजारी असेल तर औषध.

रोज नवे नियम येतात. आज परवाना लागतो, उद्या कामाचा दाखला, परवा एका विशिष्ट देशाच्या माणसांची अंगझडती. आणि खेळणारा यात तरबेज होत जातो. कागद टेबलावर कुठे ठेवले म्हणजे हात कमी हलवावा लागेल, आधी काय पाहावं, माणूस बोलत असतानाच तारीख कशी पाहून घ्यावी. चूक सापडल्यावर पोटात जी छोटीशी गोड कळ उठते ती मला चांगली ओळखीची आहे. कोडमधला बग सापडल्यावर उठते तीच. फक्त इथे बग म्हणजे एक म्हातारी असते, जिच्या कागदावरचं आडनाव पासपोर्टशी जुळत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एक जोडपं येतं. नवऱ्याचे कागद बरोबर असतात. जाताजाता तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी दयेनं वागा. बायको येते, तिच्याकडे परवाना नसतो. परत गेले तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत, असं ती म्हणते. आता काय करायचं हे ठरवताना खेळणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा: आज माझ्या चुका किती झाल्यात? दोनपेक्षा कमी असतील तर तिला सोडणं फुकट पडतं. हे लुकास पोपनं कुठेही लिहिलेलं नाही, नियमांमधून ते आपोआप होतं. दयेचा रोजचा कोटा दोन नगांचा, आणि खेळणारा तो नीट पुरवून वापरायला शिकतो.

यावर सरळ आक्षेप आहे. ती बाई नाहीच. थोडे ठिपके आहेत, चार वाक्यं आहेत. कुणाचंही काही बिघडलेलं नसताना पापपुण्याचा विचार कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे. तिला परतवल्यानं कुणाचंही नुकसान होत नाही, आणि तिला सोडल्याचं पुण्यही लागत नाही. नाटकात दुःशासनाचं काम करणाऱ्या नटाला आपण घरी बोलावून चहा देतोच की. पण नट आणि खेळणारा यांच्यात एक फरक आहे. नटाला संहिता दिलेली असते. तपासनिसाला टेबल, नियम आणि हिशोब दिलेला असतो, ठसा कुठला मारायचा ते तो स्वतः ठरवतो. ती बाई खोटी असली तरी चुका मोजण्याचा तो विचार खरा असतो. तो माझ्याच डोक्यात, माझ्याच वेगानं आलेला असतो.

आपल्याकडचा मोक्षपट घ्या, ज्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. सापशिडीचा हा सोपानमार्गी पूर्वज. पटावर सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर मोक्ष. नीती सगळी पटावर लिहून ठेवलेली, पण खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. कवड्या पडतील तसं जायचं. मत्सराच्या सापावर तुम्ही मत्सर केला म्हणून जात नाही, दान तसं पडलं म्हणून जाता. त्यातून कर्मगतीचा धडा मिळत असेल, स्वतःबद्दल काही कळत नाही. चांगला व्हिडिओ गेम याच्या अगदी उलट असतो. त्याच्या पटावर नीतीचं एक अक्षर नसतं, आणि दान पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

‘अंडरटेल’ हा २०१५ सालचा टोबी फॉक्सचा गेम याच्याही पुढे जातो. त्यात कुणालाही न मारता शेवटापर्यंत पोचता येतं, पण हे सहज सुचत नाही, कारण समोर राक्षस आला की मारायचा आणि गुण घ्यायचे ही आपली जुनी सवय. सुरुवातीला तोरिएल नावाची एक मायाळू राक्षसीण भेटते, आई असावी तशी. बऱ्याच जणांच्या हातून तिचा जीव जातो. मग खेळणारा जे करतो ते सगळेच करतात: सेव्ह केलेल्या जागी परत जातो आणि या वेळी तिला वाचवतो. सगळं पुसलं गेलं असं वाटत असताना पुढे एक फूल भेटतं आणि सांगतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. प्रोग्रॅमर म्हणून ही युक्ती साधी आहे. सेव्ह फाइल बदलली तरी दुसऱ्या एका फाइलमध्ये आधीच्या गोष्टींची नोंद राहते. पण परिणाम साधा नाही. डाव पुन्हा मांडला म्हणून खेळणारा पुन्हा नवा होत नाही, हे त्या फाइलला कळतं.

आता ज्या कारणानं मी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. मध्यंतरी आमच्याकडे एका ग्राहक कंपनीचं काम आलं. ती छोटी कर्जं देते, आणि हप्ते थकलेल्यांना फोन करायला तिची माणसं असतात. त्या माणसांसाठी नवा स्क्रीन करायचा होता. मागणी अशी की त्यावर चढती क्रमवारी दिसावी. कुणी आज किती फोन केले, कितीजणांकडून पैसे भरायचा शब्द घेतला, कोण पहिला, कोण शेवटचा, दर मिनिटाला ताजं. शिवाय बॅज, सलग पाच दिवसांचा मान, वगैरे. बैठकीत एक अनुभवी सहकारी म्हणाले, “कंटाळवाणं काम आहे बिचाऱ्यांचं. यानं त्यांना जरा मजा तरी येईल.”

ते अगदी खरं बोलत होते. मजा आली असती. क्रमवारीचा तो हिशोब भराभर कसा करायचा हा प्रश्न मलाही आवडला होता आणि त्याचं उत्तर काढताना मलाही मजा आली. पण ‘पेपर्स, प्लीज’ खेळलेल्या माणसाला ‘मजा येईल’ हे वाक्य ऐकून थोडं सावध व्हावंसं वाटतं. त्या स्क्रीनवर कर्जदाराचं नाव होतं, नंबर होता, थकलेली रक्कम होती. तो फोनवर काय बोलतो याला जागा नव्हती, कारण त्याला गुण नव्हते. फोन करणारी पोरगी वाईट असायची काही गरज नाही. ती फक्त तरबेज व्हायला हवी. पलीकडच्या बाईनं सांगितलं की नवरा दवाखान्यात आहे, तर ही बातमी तिच्यापर्यंत तांबं कमी पडल्यासारखी पोचेल.

मी एवढंच म्हटलं की हा खेळ आहे तर यात तिघं आहेत, आणि तिसऱ्याला कुणी विचारलेलं नाही. लांबलचक चर्चा झाली. बॅज गेले. क्रमवारी राहिली, पण दर मिनिटाऐवजी आठवड्यातून एकदा, फक्त वरिष्ठांना दिसेल अशी. याचा कुणाला कितपत उपयोग झाला असेल हा हिशोब माझ्या पडद्यावर दिसत नाही.

त्या चर्चेत माझ्या लक्षात आलं की खेळ आणि खेळासारखं दिसणारं काम यांतला फरक मुलांना फार आधी कळलेला असतो. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द आहेत. एक ‘टाइमप्लीज’. भर पळापळीत थांबून हे म्हणता येतं, आणि राज्य कुणावरही असो, ते मानावं लागतं. बुटाची लेस सुटली, आईनं हाक मारली, किंवा नुसती धाप लागली, तरी चालतं. दुसरा शब्द ‘कच्चा लिंबू’. धाकट्या भावंडाला खेळात घ्यावं तर लागतं, पण त्याला डाव झेपत नाही. मग त्याला खेळू द्यायचं आणि तो आउट झाला तरी धरायचं नाही. टीव्ही गेमच्या पलीकडच्या सगळ्या खेळांत मी बराच काळ कच्चा लिंबूच होते, म्हणून मला या नियमाची थोरवी जास्त कळते. खेळणाऱ्याला उठायची मुभा, आणि ज्यानं खेळायचं कबूल केलेलं नाही त्याला इजा नाही. या दोन अटींवर खेळ हा खेळ असतो.

महाभारतातल्या द्यूतसभेत दोन्ही अटी मोडतात. आव्हान आलं की क्षत्रियानं नाही म्हणायचं नसतं, या समजुतीपायी युधिष्ठिराला टाइमप्लीज म्हणता येत नाही. आणि जी खेळतच नाही ती द्रौपदी पणाला लागते. मला त्या सभेत सगळ्यात भयंकर वाटतो तो नंतरचा वाद. स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावता येतं का, असं ती विचारते, आणि सभेतली थोर माणसं दान वैध होतं की अवैध याचा काथ्याकूट करत बसतात. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणतात. विकर्ण दान अवैध ठरवतो, म्हणजे तिची बाजू घेणाराही नियमांच्या भाषेतच बोलतो. विदुर सोडला तर हा डावच मांडायला नको होता असं तिथे फारसं कुणी म्हणत नाही. विदुरानं तेही आधीच सांगून पाहिलेलं असतं. अनेक शहाणी माणसं मिळून एक उसनं ध्येय परत करायचं विसरली की असं होतं.

आमच्या बैठकाही थोड्या अशाच असतात. क्रमवारी बरोबर काढली का, सारखे गुण असतील तर पुढे कोण, यावर तासभर चर्चा होते. यात कुणी दुर्योधन नसतो.

मग गेमच टाळावेत का? मला उलट वाटतं. नियम आणि गुण हातात आल्यावर आपलं मन किती झटकन अरुंद होतं, आणि त्या अरुंद होण्यात किती सुख असतं, हे कुणाच्याही जिवावर न उठता अनुभवायची दुसरी जागा मला माहीत नाही. कादंबरीत मी तपासनिसाबद्दल वाचते आणि त्याचा निषेध करून पुस्तक मिटते. गेममध्ये त्याच्या खुर्चीत बसते आणि मला ती आवडते. हे कळणं सुखाचं नाही, पण मोलाचं आहे.

अर्थात सगळे गेम असे नसतात. रोज हजेरी लावली नाही तर साखळी तुटेल अशी भीती घालणारे, बंद पेटीत काय निघेल या आशेवर पुन्हा पुन्हा पैसे टाकायला लावणारे गेम मुद्दाम अशा बेतानं बनवलेले असतात की टाइमप्लीज तोंडातून निघू नये. संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला. कायद्याला रेघ कुठेतरी ओढावी लागते आणि पैसा मोजायला सोपा असतो. माझी रेघ त्या दोन अटींवरच आहे. त्या लावल्या तर पैसे न लावलेला एखादा गेमही रेघेपलीकडे जातो, आणि गेम म्हणून कुणी ओळखणार नाही अशा कितीतरी गोष्टी समोर येतात: जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या फोनवरचे तारे, कॉलेजांचे क्रमांक, आमच्या कंपनीतला तिमाही तक्ता. यांतल्या कशातूनही आपल्याला पूर्ण बाहेर पडता येत नाही. पण यातून कोण उठू शकत नाही आणि कुणाला न विचारता आत ओढलंय, हे दोन प्रश्न बैठकीत मोठ्यानं विचारता येतात. विचारणारा थोडा रडीचा डाव खेळतोय असं इतरांना वाटतं, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

मी अजूनही खेळते. फॅक्टोरिओत माझा रेल्वेचा एक चौक आहे, जिथे दोन गाड्या एकमेकींसाठी थांबतात आणि दोन्ही हलत नाहीत. या शनिवारी तो सोडवायचा आहे. त्याच्या पलीकडे किड्यांची एक वसाहत आहे. चौक जरा अलीकडे घेतला तर त्यांना हात न लावताही जमेल, फक्त पट्टा थोडा वाकडा जाईल. किड्यांना त्याचं काही नाही. मला वाकडा पट्टा बघत बसायची सवय करायची आहे.